रोजची वीस अभिनंदनं

सकाळी साडेसहाला गॅसवर चहा ठेवायचा आणि त्याला उकळी येईपर्यंत वीस जणांचं अभिनंदन करून मोकळं व्हायचं, हा चंद्रकलाबाई नंदनवारांचा दोन वर्षांचा नेम होता. वीसच का, तर भाचीनं, मयुरीनं, तसं सांगितलं होतं. मावशी, रोज वीस जणांना कमेंट टाकलीस की वीस जण तुला टाकतील. कोणाचं अभिनंदन आणि कशाबद्दल, ते बघायचं नाही. बघत बसलं की चहा उतू जातो.

मोबाइलवर सगळी ग्रंथपालांचीच जत्रा. कोणाला ऑनलाइन प्रश्नमंजुषेत शंभरपैकी शंभर मिळालेले, कोणाला शाल आणि श्रीफळ मिळालेलं, कोणी नुसताच नवा कोट चढवून पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा. त्या सगळ्यांच्या खाली बाईंचा अंगठा एकाच चालीनं फिरायचा, 'अभिनंदन सर! प्रेरणादायी काम.' समोर बाई असली तर सरच्या जागी मॅडम. एकदा गोंदियाकडच्या एका जुन्या ग्रंथपालांच्या निधनाची बातमी फोटोसकट आली. फोटोला हार होता, आणि हार दिसला म्हणून सतरा जणांनी त्याखालीही अभिनंदन ठोकून दिलं. त्या सतरांत आपण नाही ना, हे बाईंनी दोनदा खालीवर करून पाहिलं, आणि नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. असल्या गोष्टीत बरं वाटायला लागलं, की माणसानं समजावं आपण घसरायला लागलो.

बाई मुळात अशा नव्हत्या. वर्धा रोडवरच्या एका खासगी कॉलेजात त्यांनी सव्वीस वर्षं ग्रंथालयात काढली होती, त्यातली शेवटची नऊ प्रभारी ग्रंथपाल म्हणून. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि मान उधारीचा. पुस्तक हातात घेतलं की त्याला विषयाप्रमाणे कोणता वर्गांक द्यायचा हे त्या चष्मा न लावता सांगत. मुलं विचारायला येत, "मॅडम, ते निळ्या कव्हरचं, मागच्या वर्षी होतं ते," आणि बाई ते काढून देत. पण ग्रंथपालाची कायम जागा भरायची वेळ आली तेव्हा प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं, "समितीवाले आजकाल आधी नाव सर्च करतात, मॅडम. तुमचं काहीच निघत नाही." 

सव्वीस वर्षं, आणि काहीच निघत नाही! बाईंना ते लागलं. घरी येऊन त्यांनी मयुरीला बसवलं आणि तिनं एका संध्याकाळात मावशीला लिंक्डइनवर आणलं, ग्रंथपालांच्या चार व्हॉट्सॲप ग्रुपांत घातलं, आणि मागच्या दिवाळीचा पैठणीतला फोटो लावून टाकला. त्या पैठणीतल्या बाईंकडे बघून बाईंनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. पण गरज होती, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते उगाच नाही.

तिथंच त्यांना जितेंद्र भेटला. भेटला म्हणजे दिसला. चौतिशीचा, गुळगुळीत दाढी, सदर भागात एका गाळ्यात ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षांचे क्लास चालवायचा, आणि त्याच्यामागे अकरा हजार माणसं होती. ग्रंथपाल दिनाला त्यानं एक राष्ट्रीय पातळीची प्रश्नमंजुषा काढली. चाळीस टक्के मिळाले की रंगीत प्रमाणपत्र. चाळीससुद्धा पडू नयेत असा कोणी निघू नये म्हणून उत्तरं ग्रुपवर आधीच फिरत होती. बाईंनी आपली उत्तरं आपण लिहिली आणि त्यांचे तीन प्रश्न चुकले. तपासून पाहिलं तर बाईंचं बरोबर होतं, जितेंद्रची उत्तरतालिकाच चुकलेली. त्यांनी त्याला एकट्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं, "मॅडमजी, पार्टिसिपेशन महत्त्वाचं आहे ना. तुमचं सर्टिफिकेट पाठवून राहिलो." सोबत दोन हात जोडलेले आणि एक गुलाब.

म्हणजे हा माणूस कसा आहे ते बाईंना तेव्हाच कळलं होतं. हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे 'मला काय ठाऊक' असं म्हणायची सोय बाईंना उरली नाही, आणि त्यांनी ती घेतलीही नाही.

मुलाखतीच्या दोन महिने आधी, एप्रिलात, जितेंद्रचा निरोप आला. "मॅडमजी, तुमच्या प्रोफाइलवर चार ओळी लिहिल्या आहेत. तुम्ही पण माझ्यासाठी लिहा. एकमेकांसाठी करा लागते, नेटवर्किंग म्हणतात याले." त्यानं खरंच लिहिलं होतं, विदर्भातल्या ग्रंथालय क्षेत्राचा दीपस्तंभ वगैरे. तो बाईंच्या ग्रंथालयाची पायरीही चढलेला नव्हता. बाईंनी कुकरच्या तिसऱ्या आणि चौथ्या शिटीच्या मध्ये त्याची परतफेड केली, 'वर्गीकरण आणि जुन्या संग्रहाचं जतन यांत जितेंद्र सरांचा हात धरणारं विदर्भात कोणी नाही.' अहो रूपम् अहो ध्वनिः! उंटानं गाढवाच्या गळ्याची तारीफ केली, गाढवानं उंटाच्या रूपाची, आणि डाळ शिजली.

जूनमध्ये बाईंना कायम जागा मिळाली. समितीतल्या एकानं दीपस्तंभवाली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली होती. बाईंनी स्टाफला संत्रा बर्फी वाटली. ती त्यांना स्वतःला गोड लागली नाही असं मी म्हणणार नाही, चांगल्या दोन वड्या खाल्ल्या त्यांनी.

जुलैत जितेंद्रनं जाहीर केलं की तो तांडापेठच्या विणकर सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल झाला. बाईंनी त्या दिवशीच्या वीसांत त्याचंही अभिनंदन केलं. ते वाचनालय म्हणजे त्यांचं माहेर होतं.

हे माहेर काय होतं ते नीट सांगायला हवं. बाईंचे वडील बाबनराव पौनीकर दिवसा मागावर बसत आणि संध्याकाळी वाचनालय उघडत. पस्तीस वर्षं, बिनपगारी. वस्तीतल्या कोष्ट्यांनी एकसष्ट साली ते वाचनालय काढलं तेव्हा विकत घ्यायला पुस्तकं नव्हती. मग एक रीत पडली. घरात मुलीचं लग्न झालं, की तिच्या नावानं एक पुस्तक वाचनालयाला द्यायचं. कोणी पोथी द्यायचं, कोणी शिवणकामाचं, कोणी पाककृतीचं, कोणी दुकानदारानं गळ्यात मारलेलं काहीही. पहिल्या पानावर मुलीचं नाव, लग्नाची तारीख आणि सासरचं गाव. बाबनरावांनी त्यात एक नियम घातला, की मुलीच्या नावाचं पुस्तक घरी न्यायला मिळणार नाही. "मुलगी तर गेली," ते म्हणत, "पुस्तक तरी इथं राहू द्या." ज्याला वाचायचं त्यानं वाचनालयात बसून वाचावं. त्या सहा कपाटांना वस्तीत माहेरची कपाटं म्हणत. मुली सणावाराला माहेरी आल्या की तिथं येत, आपलं पुस्तक काढून बघत. काही जणी शेवटच्या पानावर काहीबाही लिहीतही, मुलगा झाला, सासू वारली, उमरेडला घर बांधलं. बाबनराव एरवी पुस्तकावर पेन्सिल लावू देत नसत, पण तिथं बघून न बघितल्यासारखं करत. 

सगळी मिळून अकराशे सेहेचाळीस पुस्तकं. प्रत्येकाची ओळ बाबनरावांच्या हातची, लांबलचक दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन लिहून ठेवायची ती वही. दहा वर्षांची चंद्रकला शेजारी बसून पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवायची. तिचा धंदा तिथंच ठरला. वडील गेले, भावानं घर विकून बेसाकडे फ्लॅट घेतला, आणि गेल्या चार वर्षांत बाई तांडापेठेत एकदाही गेल्या नव्हत्या. तिकडे आपलं कोण राहिलं, असं त्या म्हणायच्या. राहिलं होतं, पण ते त्यांना उशिरा आठवलं.

नोव्हेंबरच्या शेवटी, एका शनिवारी दुपारी, रंभाबाई त्यांच्या मानेवाड्याच्या घरी आली. रंभाबाई म्हणजे बाबनरावांच्या शेजारच्या मागावरची, वय शहात्तर, चंद्रकलाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. ऑटोनं आली होती, सोबत नात करिष्मा. दारातच बसली.

"काहून वं चंद्रकला, माह्यं पुस्तक कुठं ठेवलं त्यायनं?"

"कोणतं पुस्तक, मावशी?"

"माह्या लग्नाचं. एक्केचाळीस नंबर. करिष्माचं लगन जुळलं ना, तर ते म्हणे आजी मले तुह्यी सही पाहाची आहे. मी तिले घेऊन गेली. तर तो नवा पोरगा म्हणते, असं पुस्तकच नाई इथं. कपाटंच नाई वं तिथं! सोफा आहे."

त्या सहीची गोष्ट वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. लग्न झालं तेव्हा रंभाबाईला अक्षर येत नव्हतं. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली आणि दुपारी माग थांबला की वाचनालयात बसून बाबनरावांकडून आपल्याच लग्नाच्या पुस्तकावर अक्षरं शिकली. जिथं आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं, ते पान त्या पुस्तकाचं शेवटचं पान होतं.

"असं कसं होईल मावशी," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या खोलीत हलवली असतील." आणि त्यांनी मोबाइल उघडून जितेंद्रचं पान काढलं.

अकरा दिवसांपूर्वीची पोस्ट होती. पहिल्या फोटोत सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे, भिंतीला लागून छातीएवढे. दुसऱ्यात एक सोफा आणि त्यामागे कंदील, वाळकी फुलं आणि 'मी वाचतो, म्हणून मी आहे' अशी पाटी. वर मजकूर, 'पाच वर्षांत एकदाही देवघेव न झालेली अकराशे सेहेचाळीस मृत पुस्तकं आज संध्याकाळी निरोप घेत आहेत. त्या जागी येतोय विदर्भातला पहिला वाचनालय लाउंज!' सहाशे बारा जणांनी पसंत केलं होतं. आणि खाली, सगळ्यात वर टाचून ठेवलेली, सकाळी सहा चाळीसची एक प्रतिक्रिया, पैठणीतल्या फोटोसकट, 'अभिनंदन सर! प्रेरणादायी काम.'

बाई उठून मोरीपर्यंत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. बाहेर रंभाबाई करिष्माला विचारत होती, "काय झालं वं तिले?"

त्याच ऑटोनं तिघी तांडापेठेत गेल्या. जितेंद्र लाउंजमध्येच होता. बाईंना पाहून तो इतका आनंदला की बघणाऱ्याला वाटावं सोयरीक आली आहे.

"मॅडमजी! सांगायचं नाही का येऊन राहिले म्हणून? थांबा, आधी एक फोटो घेऊ."

"पुस्तकं कुठं आहेत?"

"कोणती?"

"मुलींची. माहेरची कपाटं होती सहा."

"अच्छा, ती." त्यानं लॅपटॉप फिरवला. "हे पाहा मॅडमजी, रिपोर्टच काढला मी. पाच वर्षांत झिरो. एक पुस्तक म्हणजे एक पुस्तक कोणी घरी नेलं नाही. डेड स्टॉक. आपल्या शास्त्रातच सांगितलं आहे, नाही का, की न वापरलेलं बाद करा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, बी.लिब.च्या, पहिल्या महिन्यात शिकवतात, की जी पुस्तकं बसून वाचायची असतात त्यांची देवघेव कुठंच नोंदली जात नसते. कॉम्प्युटरला त्यांचा आकडा शून्यच दिसणार. शंभर वर्षं वाचली तरी शून्य. शब्दकोश असले तर तेही मृत निघतील.

"अहो, ती घरी द्यायचीच नव्हती," बाई म्हणाल्या. "नियम होता. इथं बसून वाचायची होती."

जितेंद्रला समजलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो हसला. त्या हसण्याची बाईंना जन्मभर शिसारी राहील.

"अरे! असं होतं का? पण स्पेस पाहा ना मॅडमजी, किती ओपन झाली. आणि मी काही एकट्यानं नाही केलं. चंपतराव शेवटी शेवटी थोडे घाबरले होते. संध्याकाळी टेम्पो यायचा तर दुपारी म्हणे थांबा, बाबनरावांच्या पोरीले विचारून घेऊ. मी म्हटलं, विचारायचं काय, सकाळीच त्यांची कमेंट आली. दाखवली त्यांना. तर म्हणे, बस, मंग झालं."

चंपतराव म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, इतवारीत कापडाचं दुकान. तेही विणकराचंच पोर. बाईंनी तिथूनच फोन लावला. चंपतरावांना आपण काही वावगं केलं असं वाटतच नव्हतं.

"चंद्रकलाताई, मले काय समजते पुस्तकातलं? तुह्यं लिहिलेलं वाचूनच तर त्याले ठेवलं. बाबनरावची पोरगी लिवते का याचा हात धरणारं कोणी नाई, तर मी कोण इच्यारणारा? अन् त्या दिवशीबी तूच लिवलं, प्रेरणादायी."

बाईंनी फोन ठेवला. एप्रिलात चार ओळी लिहायला दोन मिनिटं लागली होती, नोव्हेंबरातल्या चार शब्दांना दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत डोळे उघडे असते, आणि चंपतरावांना एक फोन गेला असता, तर टेम्पो रिकामा परत गेला असता. पुस्तकं दिवसभर तिथं सुतळीत बांधून पडली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कोणी विचारायला येतं का म्हणून थांबल्यासारखी.

रद्दीवाला वस्तीतलाच निघाला, विक्की म्हणून. वाचनालयाचा शिपाई भैय्याजी बाईंना त्याच्या गोदामात घेऊन गेला. बाईंनी तिथं पुठ्ठ्यांचे ढीग, वह्यांचे ढीग, लग्नपत्रिकांची पोती स्वतःच्या हातानं उपसली. विक्की बिचारा मदतीला वाकला, मग कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ताई, अकरा दिवस झाले ना जी. माल तिसऱ्याच दिवशी पेपर मिलले गेला. आता तर लगदा झाला असन."

"एकही नाही राहिलं?"

"आधी सांगतलं असतं तर ठेवलं असतं ना. म्या तर भैय्याजीले इच्यारलं होतं, का बावा, एवढे जुने पुस्तकं, कोणाले पाह्यजे तर नाई? तर ते म्हणे, वरूनच हो म्हटलं."

भैय्याजी दुसरीकडे बघत होता. वरून म्हणजे कुठून, हे तिथं कोणीच उच्चारलं नाही. रंभाबाई गोदामाच्या दाराशी एका उलट्या डब्यावर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "तू वाचलं नवतं का वं, लिहाच्या आधी?"

"नाही, मावशी."

"मंग लिवलं कायले?"

वीस पुरे करायचे होते, हे उत्तर शहात्तर वर्षांच्या बाईला द्यायचं कसं? आणि दिलं तरी तिला त्यात काय कळणार, असं मनात आलं, तेव्हा बाईंना स्वतःची आणखी किळस आली. तिला सगळं कळत होतं. 

रविवारी सकाळी बाईंनी चहा ठेवला नाही. त्या टेबलाशी बसल्या आणि मोबाइलवर एकेक शब्द जुळवून त्यांनी लिहिलं. 'मी जितेंद्र सरांच्या कामाची शिफारस केली होती. त्यांचं काम मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं म्हणून मी त्यांच्याबद्दल लिहिलं. तेवढ्यावर त्यांना नेमलं गेलं आणि विणकर वाचनालयातली मुलींच्या नावाची अकराशे सेहेचाळीस पुस्तकं रद्दीत गेली. ती गेली त्या सकाळी मी पोस्ट न वाचता अभिनंदन केलं. माझी शिफारस मागे घेते. आपणही ज्यांच्यासाठी लिहिता त्यांचं काम पाहून लिहा. चूक माझी आहे.' खाली, आदल्या दिवशी वाचनालयात काढलेला, कपाटं होती त्या रिकाम्या भिंतीचा फोटो लावला. 

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं, आणि ते बाईंना पुरतं ठाऊक होतं. नुकती मिळालेली जागा, समितीतले लोक याच जत्रेतले. पण पाठवताना त्यांचा अंगठा अडला नाही. आता लोक बोलतील, दोन शिव्या घालतील, निदान कोणी विचारील तरी, की बाई, असं कसं केलंत? त्या तयारीनंच बसल्या होत्या.

पहिली प्रतिक्रिया चौथ्या मिनिटाला आली. 'अभिनंदन मॅडम!'

बाईंना वाटलं, चुकून. मग दुसरी आली, 'खूप छान उपक्रम.' मग, 'प्रेरणादायी.' मग, 'रिकामी भिंत, सुंदर प्रतीक.' मग फुलांचे गुच्छ, टाळ्या, जोडलेले हात. तासाभरात दीडशे झाले. वाशीमच्या एका मॅडमनी लिहिलं, 'तुमच्या यशाचा अभिमान वाटतो.' बाईंच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी नुसतंच लिहिलं, 'आमच्या मॅडम!' त्या सगळ्यांची वेळ बाई बघत होत्या. सकाळी सहा ते सात. सगळ्यांच्या गॅसवर चहा असणार.

एकानं मात्र वाचलं होतं. अमरावतीचे एक सर, सेवानिवृत्त, मोठं नाव. त्यांचा निरोप खासगीत आला. 'मॅडम, तुमचा प्रामाणिकपणा समजू शकतो. पण हे सर्वांसमोर नको होतं. आपल्या नेटवर्कमध्ये चुकीचा संदेश जातो. कृपया डिलीट करा.' 

आणि साडेनऊला जितेंद्र आला, सगळ्यांत खाली, 'धन्यवाद मॅडमजी. आपला आशीर्वाद असाच पाठीशी राहू द्या.' वाचलं नव्हतं की वाचून लिहिलं होतं, कोण जाणे. दोन्हीत जास्त घाण कोणतं, हे बाईंना ठरवता आलं नाही.

अकरा वाजता त्या तांडापेठेत गेल्या. रंभाबाईला घरून हाताला धरून सोबत घेतलं. रविवार असूनही भैय्याजीनं दार उघडलं. आत सोफ्यामागे, कंदिलाच्या शेजारी, एका चौरंगावर बाबनरावांची दाखल नोंदवही उघडी मांडून ठेवलेली होती. वही रद्दीत गेली नव्हती, कारण ती फोटोत छान दिसत होती. तिच्या उघड्या पानावर वाळक्या फुलांची काडी आडवी टाकली होती. बाईंनी काल ती पाहिली होती आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

त्यांनी फुलं उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. कंदील भैय्याजीच्या हातात दिला. वही घेऊन खिडकीशी टेबलावर बसल्या आणि पहिलं पान काढलं. नंबर, पुस्तकाचं नाव, कोणाकडून आलं, आणि शेवटी एक अरुंद रकाना, शेरा. पुस्तक हरवलं, फाटलं, काढून टाकलं, तर ते कोणाच्या सांगण्यावरून हे तिथं लिहायचं असतं. बाबनरावांनी पस्तीस वर्षांत तो रकाना जवळपास कोरा ठेवला होता. एका ठिकाणी फक्त 'उंदीर' असं लिहिलेलं होतं, आणि पुढे तारीख.

बाईंनी पेन उघडलं. पहिल्या ओळीपुढे लिहिलं, 'काढून टाकले. शिफारस – चंद्रकला नंदनवार.' दुसऱ्या ओळीपुढे तेच. तिसऱ्या ओळीपुढे तेच. टिंबं दिली नाहीत की 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं नाही. अकराशे सेहेचाळीस वेळा लिहायचं होतं, त्याला चार रविवार लागले असते, सहा लागले असते. लागू देत. सातशे अठराव्या ओळीत त्यांचं स्वतःचं लग्न होतं, वडिलांच्या अक्षरात, 'चि. सौ. कां. चंद्रकला हिच्या विवाहानिमित्त'. तिथं आपलं नाव एकाच ओळीत दोनदा येणार, एकदा देणाऱ्यांत आणि एकदा घालवणाऱ्यांत, हे त्यांना माहीत होतं. पर्समध्ये मोबाइल थरथरत होता. कोणीतरी अभिनंदन करत होतं.

रंभाबाई शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होती. पान उलटलं, एक्केचाळीसची ओळ आली. ती पुढे वाकली आणि बोट ठेवून हळूहळू वाचू लागली, तिला वाचायला जसं शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर.

"हे माह्यं नाव."

"हो, मावशी."

"अन् त्याच्यापुढं तू तुह्यं लिवून राहिली."

"हो."

रंभाबाईनं त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. बाईंना वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. जुनी माणसं तसं म्हणतात. बाईंना ते ऐकायचंही होतं, खोटं कशाला बोला.

"बारीक नोको लिवू वं," रंभाबाई म्हणाली. "दिसलं पाह्यजे."